बक्कल सीट कव्हरच्या खाली होतं

मार्चच्या शेवटी बायकोला आणि लेकीला अमरावतीहून घरी आणत होतो. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे लेक जानेवारीत तिकडेच झाली आणि सव्वादोन महिन्यांनी तिला पहिल्यांदा गावी आणायचं ठरलं. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, नेर तालुक्यात. बडनेरा, नांदगाव खंडेश्वर, नेर असा नेहमीचा रस्ता. मागच्या सीटवर माझी आई, तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली लेक, शेजारी बायको. नांदगाव मागे पडलं तेव्हा दिवेलागण झाली होती. डाव्या हाताच्या उभ्या पऱ्हाटीतून रोही, म्हणजे नीलगाय, निघाला. एक गेला म्हणून पाय सैल केला, तर त्याच्या मागे आणखी दोन.

माझा वेग ताशी साठच्या आसपास होता. गाडी थांबली, रोही पलीकडच्या धुऱ्यावरून निघून गेले. मागे वळून पाहिलं तर आईचा खांदा पुढच्या सीटवर आदळला होता आणि लेक तिच्या हातातून निम्मी सुटली होती. आईच्या मुठीत राहिलं होतं ते दुपट्याचं टोक. लेकीचं डोकं पुढच्या सीटच्या पाठीपासून वीतभर लांब. ती झोपेतच होती, रडलीसुद्धा नाही. बायको काही बोलली नाही. घर येईपर्यंत गाडीत कोणीच बोललं नाही.

मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं आहे. त्या रात्री वहीत हिशेब मांडला. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी कशाला धडकली, तर आतल्या माणसासाठी ते जवळपास दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखं असतं. गाडी एक दशांश सेकंदात थांबली तर पाच किलोची लेक धरणाऱ्या हातांना सत्तर किलोच्या ओढीने ओढते. आई शेतात आयुष्यभर राबलेली बाई, हातात अजून ताकद आहे. पण सत्तर किलो एका झटक्यात कोणाच्या हातात राहत नाहीत. आम्ही वाचलो ते नुसत्या ब्रेकवर निभावलं म्हणून.

बालसीट, म्हणजे गाडीत लेकराला पट्ट्यांनी बांधून बसवायची वेगळी सीट, घ्यायची हे त्याच रात्री ठरलं. मला वाटलं, पैसे भरले की काम झालं. खरं काम त्यानंतर सुरू झालं आणि त्याला जवळजवळ महिना गेला.

पहिली सीट मी फोनवर फोटो पाहून मागवली. आमच्या गावापर्यंत कुरिअर येत नाही, नेरला जाऊन खोकं आणलं. सीटच्या बुडाशी दोन लोखंडी दांडे, त्यांच्या टोकाला जबडे. हे आयसोफिक्स. गाडीच्या मागच्या सीटची पाठ आणि बैठक यांच्या फटीत कारखान्यातूनच दोन लोखंडी कड्या बसवलेल्या असतात. त्या चॅसीला जोडलेल्या असतात आणि हे जबडे त्यांना धरतात. पद्धत फार चांगली, चुकायला जागाच कमी. पण आमची गाडी 2013 ची, छोटी, दुसऱ्या हाताने घेतलेली. मी फटीत कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. भुईमुगाची टरफलं निघाली, एक रिकामं पेन निघालं, कड्या नव्हत्या. गाडीत कड्या नसतील तर ती सीट त्या गाडीची नाहीच, बाहेरून कड्या लावायचा विचारही करू नये. खोकं परत पाठवलं, पैसे यायला बारा दिवस लागले.

दुसऱ्या वेळी आधी वाचलं. जिला गाडीचाच तीनटोकी बेल्ट बांधून ठेवतो, अशी सीट शोधली. जन्मापासून 18 किलोपर्यंतची, 13 किलोपर्यंत उलट्या तोंडाने, म्हणजे लेकराचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला, आणि पुढे सुलट्या. पाठीवर नारिंगी चिकटपट्टी, त्यावर गोलात ई हे अक्षर आणि ईसीई आर 44/04 असा क्रमांक. म्हणजे युरोपच्या त्या नियमाप्रमाणे तिची धडक-चाचणी झालेली आहे. त्याहून नवा आर 129 हा नियम वजनाऐवजी उंचीवर चालतो आणि त्यात पंधरा महिन्यांपर्यंत लेकराला उलटंच बसवायला सांगितलं आहे. आपल्याकडे ए.आय.एस. 072 हे मानक आहे. उलटं का, तर तान्ह्या लेकराचं डोकं अंगाच्या मानाने फार जड आणि मान कोवळी. समोरून धडक बसली की सुलट्या बसलेल्या लेकराचं डोकं एकट्या मानेवर पुढे झेपावतं. उलटं बसवलं तर डोकं, मान, पाठ सगळं एकदम सीटच्या पाठीवर दाबलं जातं.

साडेसहा हजाराला पडली. खोकं घरी आलं तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, एवढ्यात तं युरियाच्या किती पोत्या आल्या असत्या." त्याचंही खरंच आहे. यंदा सोयाबीनने काही दिलं नव्हतं.

रविवारी सकाळी गाडी लिंबाखाली लावून बसवायला घेतली. पुस्तक इंग्रजीत, अक्षरं मुंगीएवढी, पण चित्रं नीट होती. पहिलंच चित्र: बेल्ट ओढा आणि बक्कलमध्ये अडकवा. आमच्या मागच्या सीटवर बक्कलच नव्हतं!

गाडी घेऊन सहा वर्षं झाली होती आणि मागे बक्कल आहे की नाही हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. 2022 साली सायरस मिस्त्रींचा अपघात झाला, ते मागच्या सीटवर बेल्टविना होते अशी बातमी आली, तेव्हा आठवडाभर चावडीवर त्याचीच चर्चा होती. त्या चर्चेत मीही होतो. उठून स्वतःच्या गाडीत कोणी पाहिलं नाही, मीसुद्धा नाही. बक्कल होतं, सीट कव्हरच्या खाली. पहिल्या मालकाने जाड रेग्झिनचं, आत दोन बोटं फोम असलेलं कव्हर शिवून घेतलं होतं आणि शिवणाऱ्याने बक्कलसाठी भोक ठेवलंच नव्हतं. वरून दाबलं की तीन ठिकाणी टणक लागायचं, तीच ती बक्कलं. आता रस्त्यावर कोणाचीही गाडी उभी दिसली की मी आत डोकावतो. आमच्या भागात दहातल्या निम्म्या गाड्यांत मागची बक्कलं अशीच गाडलेली दिसतात.

नेरच्या कुशनवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, ब्लेडने चिरा देतो, बक्कल वर काढतो, पाच मिनिटांचं काम. त्याने चिरा दिल्या. घरी येऊन बेल्ट ओढला तर तो निम्म्यात अटकला. उलट्या सीटला बेल्ट जास्त लागतो. कमरेचा पट्टा लेकराच्या पायाकडच्या निळ्या खाचांतून जातो आणि खांद्याचा पट्टा सीटच्या पाठीमागून पूर्ण वळसा घेतो. आम्हाला चार बोटं कमी पडत होता. डाव्या बाजूला कमी, उजव्या बाजूला कमी. मधल्या जागेला नुसता कमरेचा पट्टा, तो या सीटला चालत नाही असं पुस्तकात फुली मारून दाखवलं होतं.

गावातल्या गॅरेजवाल्याला दाखवलं. माणूस हाताचा चांगला, माझा ट्रॅक्टर त्यानेच उभा केला आहे. तो म्हणाला, "कायले टेन्शन घेता भाऊ, तळातून दोन बोल्ट मारतो, हालन तं माझं नाव बदला." नाही तर ट्रकचा ताडपत्री बांधायचा पट्टा लावू म्हणाला. मला क्षणभर पटलंही होतं, कारण हलू नये एवढंच मलाही हवं होतं. पण सीटचं प्लास्टिक धडकेचा जोर ठरलेल्या खाचांवरच झेलायला बनवलेलं असतं. त्याला भोक पाडलं की तडा कुठे जाईल याचा काही भरवसा नाही. गाडीचा बेल्ट ज्या बोल्टांवर आहे ते बोल्ट जोराच्या ओढीसाठी तपासलेले असतात. तळाच्या पातळ पत्र्यात मारलेला आपला बोल्ट पत्र्यासकट निघून येईल. त्याला मी हे सांगितलं, त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मंग कव्हरच काढून पाहा ना."

तेच उत्तर निघालं. संध्याकाळी सगळं कव्हर उसवून काढलं. खाली कारखान्याची मूळ कापडी सीट होती. फोम गेल्यामुळे बालसीट खाली बसली. रेग्झिन घसरायचं, कापड धरून ठेवतं, हा वेगळाच फायदा झाला. बेल्टही मी पूर्ण ओढून पाहिला. तो अटकत होता कारण सहा वर्षं कोणी तेवढा ओढलाच नव्हता. आतल्या वेटोळ्यांत काळ्या मातीची धूळ आणि कापसाची रुई अडकून गोळे झाले होते. कोमट पाण्यात साधा साबण घालून फडक्याने पुसला, सावलीत वाळवला. बेल्टला ब्लीच किंवा कडक पावडर लावू नये, धागा कमजोर होतो. सोमवारी बक्कल खट्ट झालं. तो आवाज ऐकून बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

पण सीट हलत होती. हातभर नाही, तरी चांगली चार-पाच बोटं. बेल्ट कितीही ताणला तरी दोन मिनिटांत ढिला. मला वाटलं बेल्ट खराब आहे. तो खराब नव्हता. आपल्या गाड्यांचा बेल्ट झटका बसला तरच अटकतो, हळू ओढला तर येत राहतो, म्हणून तर माणूस वाकू शकतो. लेकराच्या सीटला मात्र तो सतत ताठ हवा. त्यासाठी सीटच्या पाठीला दोन्ही बाजूंना एकेक प्लास्टिकचा चिमटा होता. मी तो नुसता शोभेचा समजून दोन दिवस पाहत होतो. खांद्याचा पट्टा त्या चिमट्यात घालून झापड बंद केलं की पट्टा मागे सरकत नाही. ते समजलं तेव्हा काम असं झालं: मी एक गुडघा बालसीटमध्ये रोवून सगळं अंग टाकलं, बायकोने पट्टा वरच्या दिशेने ओढला आणि ताणलेलाच धरून चिमटा लावला. दोन माणसं लागतातच, एकट्याने मला आजही नीट जमत नाही. मग जिथून बेल्ट जातो तिथे सीट धरून डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे हलवायची. एका इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. आमची पहिल्या प्रयत्नात दीड इंच, तिसऱ्यात अर्धा.

मग आला उतार. आमच्या गाडीची बैठक मागे उतरती आहे, म्हणून उलटी ठेवलेली सीट फार उभी राहायची. तान्ह्या लेकराला अशी उभी सीट धोक्याची. झोप लागली की मान पुढे पडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. लसीच्या वेळी डॉक्टरांनी हे एवढं एकच बजावून सांगितलं होतं. सीटच्या कुशीला एक रेघ असते, ती जमिनीला समांतर आली की कोन बरोबर. पण आमचं अंगण चढाचं. गाडी तिरपी उभी असेल तर रेघ तरी काय दाखवणार? आमच्या घराच्या स्लॅबचं काम केलेल्या मिस्त्रींना बोलावलं. ते पाण्याची लेव्हल नळी घेऊन आले. समाजमंदिरापुढच्या फरशीवर गाडी लावली, नळीने चारी चाकांपाशी पातळी पाहिली आणि मग रेघ. दोन बोटांचा फरक निघाला. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून सीटच्या बुडाखाली पाठीच्या फटीकडे घातली, आमच्या सीटच्या पुस्तकात त्याला परवानगी होती, आणि बेल्ट पुन्हा पहिल्यापासून ताणला. मिस्त्रींनी स्वतः पट्टी लावून खात्री केली. पैसे विचारले तर हात जोडले आणि लेकीच्या नावाने एक विडा मागितला.

जागेचा प्रश्न आपोआप सुटला नाही. उलटी सीट ऐसपैस लागते. ती डावीकडे, पुढच्या बाजूच्या सीटमागे बसवली आणि ती पुढची सीट इतकी पुढे घ्यावी लागली की उंच माणसाचे गुडघे डॅशबोर्डला लागतात. सासरे आले की त्यांना मागे बायकोच्या जागी बसवतो. भाऊ म्हणाला, मग लेकराची सीटच पुढे ठेव ना, वहिनी मागे आरामात बसतील. आमच्या गाडीत त्या बाजूला एअरबॅग नाही, तरी मी नाही म्हणालो. मागची जागा केव्हाही बरी. आणि एअरबॅग असलेल्या गाडीत उलटी सीट पुढे ठेवणं म्हणजे फुटणारी बॅग थेट लेकराच्या डोक्यामागे आदळू देणं. उन्हाच्या झडपेवर ते चित्र असतं, लाल फुली मारलेलं, आपण वाचत नाही.

आईचं समजावणं सगळ्यात अवघड गेलं. "लेकराले खुट्याले बांधल्यावानी काऊन बांधता रे? मांडी कशाले हाये मंग?" ती रागाने नव्हती म्हणत. त्या संध्याकाळचा खांदा तिचाच दुखत होता, पंधरा दिवस शेकत होती. तिला मी हिशेब नाही सांगितला. एवढंच म्हणालो की माय, त्या दिवशी तुझ्या हातात दुपटं राहिलं होतं. ती उठून गेली. नंतर दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही, आणि तसं बोलायला नको होतं हे मला आजही वाटतं.

पट्टे बांधायचे तेही शिकावं लागलं. उलट्या सीटमध्ये खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून यायला हवेत. लेकीला दुपट्यात गुंडाळून, झबलं-टोपडं-स्वेटर घालून बांधलं तर पट्टे घट्ट वाटतात, पण ते कपड्यांवर घट्ट असतात, लेकरावर नाही. म्हणून साध्या कपड्यांत बांधायचं आणि पांघरूण वरून. खांद्यावरच्या पट्ट्याला चिमटा काढून पाहायचा. चिमटीत घडी आली तर ढिला.

एप्रिलमध्ये पहिल्यांदा अमरावतीला गेलो. वीस किलोमीटर ती गप्प होती आणि मग जी रडायला लागली ती थांबेना. बायकोचा हात दोनदा बक्कलकडे गेला. मी म्हणालो, काढू नको, मी थांबतो. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली गाडी लावली, लेकीला बाहेर काढलं, पाजलं, फिरवलं, पुन्हा बांधलं. त्या दिवशी दीड तासाच्या वाटेला पावणेतीन तास लागले. आम्ही असंच ठरवलं आहे: बाहेर काढायचं तर गाडी थांबवूनच. लहान असताना तसंही अर्ध्या-पाऊण तासाने थांबायचो, इतक्या कोवळ्या लेकराने वाकलेल्या पाठीने फार वेळ राहू नये.

मे महिन्यात वेगळंच. आपल्याकडचं ऊन मी काय सांगू. 44-45 अंशांत उभ्या गाडीतलं लोखंडी बक्कल हाताला चटका देतं, तेच लेकराच्या मांडीला लागलं तर फोड येईल. गाडी उभी केली की सीटवर पांढरा दुपट्टा ओला न करता झाकून ठेवायचो, बसवण्याआधी बक्कल स्वतःच्या मनगटाला लावून पाहायचो, आणि शक्यतो सकाळी आठच्या आत वाट संपवायचो. लेकराला गाडीत एकटं सोडून किराणा आणायलासुद्धा जायचं नाही, काच खाली असली तरी.

आता वाटलं होतं की जमलं. दिवाळीनंतर कापूस घरात यायला लागला तेव्हा भावाने एक दिवस सीट काढून ठेवली, मागे फवारणीचे दोन पंप आणि मजुरांचं सामान न्यायचं होतं. संध्याकाळी त्याने आठवणीने परत बसवलीही. दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन निघालो, मी सवयीने सीट हलवून पाहिली, तर ती जवळजवळ माझ्या हातात आली. त्याने बेल्ट लाल खाचांतून घातला होता. लाल खाचा सुलट्या सीटच्या, निळ्या उलट्या. टॉवेलची गुंडाळीही डिक्कीत होती. त्याची चूक नाही, त्याला मी कधी दाखवलंच नव्हतं. त्या दिवशी त्याच्याकडून तीन वेळा काढून-घालून घेतली. आता ती काढणारा कोणीही असो, बसवताना आम्ही दोघं असतो.

2019 पासून मोटार वाहन कायद्यात कलम 194ब आलं आहे: चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा बालसीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड. आमच्या रस्त्यावर हे कोणी विचारलेलं मी पाहिलं नाही. नागपूरला जायचं तर आम्ही आता समृद्धीने जातो. तिथे गाड्यांना ताशी 120 ची मुभा आहे आणि शेजारून जाणाऱ्या गाड्यांत लेकरं पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर उभी असतात, दोन्ही हात डॅशबोर्डवर. त्यांना काय हाक मारावी मला कळत नाही. लग्नाच्या वऱ्हाडात, मामाच्या जीपमध्ये, काळीपिवळीत आमचीही लेक मांडीवरच जाते, तिथे बांधायला काही नसतं. शक्य तिथे मी आमची गाडी काढतो, शक्य नसतं तिथे जीव मुठीत घेऊन बसतो.

लेक आता अकरा महिन्यांची आहे, वजन आठ किलो सातशे. पाय मागच्या सीटला टेकतात, म्हणून येणारा-जाणारा सांगतो, आता सुलटी बसवा, पोरगी अखडून गेली. पाय दुमडून ती मजेत बसते. डोक्याचा माथा सीटच्या काठापेक्षा अजून चांगला खाली आहे आणि 13 किलोला वेळ आहे. सीट उलटीच राहणार.

मागच्या आठवड्यात भावाला गाडी पाहायला अमरावतीच्या शोरूममध्ये गेलो होतो. सेल्समन स्क्रीन किती इंचाची ते दाखवत होता. मी मागचं दार उघडून फटीत हात घातला. दोन्ही कड्या बोटांना लागल्या, गार. मग मागचा बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला आणि सेल्समनला विचारलं, कव्हर शिवून देता ते बक्कलची भोकं ठेवून देता का? तो म्हणाला, असं कोणी विचारत नाही साहेब. भाऊ म्हणाला, "लिहून घ्या बिलावर."